रद्दी वही, नग एक

“ताई, पिशवी जरा उघडावी लागंल,” रामहरी म्हणाला आणि फाटकापलीकडच्या रस्त्याकडे बघत राहिला.

प्रज्ञा भिंगारदिवेने पिशवी त्याच्या टेबलावर ठेवली. सावेडीतल्या शिक्षण संस्थेच्या मुख्य कार्यालयाच्या या फाटकातून ती एकोणीस वर्षे जात-येत होती. पहारेकरी रामहरीने तिची पिशवी कधी पाहिली नव्हती. उलट त्याच्या लेकीच्या लग्नाची पत्रिका, नातवाचा शाळेचा अर्ज, सगळे तिच्याच हातून छापून गेले होते.

पिशवीतून डबा निघाला, छत्री निघाली, खुर्चीवर घ्यायची चपटी उशी निघाली आणि सर्वांत खाली कापडी बांधणीची एक जाड वही.

“वही हापिसाची का घरची?”

“आणली मी. लिहिली ऑफिसात बसून.”

“मंग अवघड झालं. कागद भाईर जायचा तर गेटपास लागतो. आजपास्नं नियम हाय. म्या न्हाई केला.”

“माहीत आहे, रामहरी. तुम्ही तुमचं काम करा.”

तेवढ्यात राजस मुळे जिना उतरून आला. हा सचिवांचा मुलगा. पुण्याला शिकून आल्यावर वर्षभरात सहसचिव झाला होता. त्याने वहीची दोन-तीन पाने उलटली आणि तो हसला.

“ही मघाचीच ना? मॅडम, आता हे सगळं सिस्टीम करणार आहे. रद्दी आहे ही. जाऊ द्या हो त्यांना.”

“तसं लिवून द्या सर. नायतर उद्या माझ्यावर यायचं.”

राजसने उभ्या उभ्या गेटपासच्या पुस्तकात लिहिले: ‘रद्दी वही, नग १.’ खाली सही केली, तारीख घातली. रामहरीने शिक्का मारला. प्रज्ञाने तो कागद घडी न घालता वहीत ठेवला, पिशवी उचलली आणि रस्ता ओलांडून रिक्षा पाहू लागली.

मघाची गोष्ट अशी. संस्थेच्या गावोगावी सतरा शाळा होत्या आणि त्या सगळ्यांच्या संगणकाचे काम प्रज्ञा एकटी पाहत असे. बिघडलेले यंत्र, विसरलेला पासवर्ड, विद्यार्थ्यांचे दाखले, सगळे तिच्याकडे. आता हे काम बाहेर दिले होते. पुण्याची एक कंपनी पुण्यातच बसून इथले सगळे चालवणार होती. कंपनीचा माणूस इथे येणारसुद्धा नव्हता. कराराच्या नोकरीत एकोणीस वर्षे काढलेल्या प्रज्ञाचा करार या वेळी पुढे वाढला नाही, इतकेच.

शेवटच्या बैठकीत पडद्यावर कंपनीचा एक तरुण मुलगा होता. त्याने अदबीने विचारले, “मॅडम, डेटामध्ये काही खास गोष्टी आहेत का? आम्हाला माहीत हव्यात अशा?”

“आहेत,” असे म्हणून प्रज्ञाने वही वर धरली होती. ती पुढे काही सांगणार, तोच राजस मध्ये पडला. “अहो, वहीबिही नको. टायपिंगचंच काम होतं हे, फार काही नव्हतं.” खोलीतले आठजण हसले. पडद्यावरचा मुलगा मात्र हसला नाही, पण त्याने पुन्हा विचारलेही नाही.

त्या वहीत काय होते, ते नीट समजून घ्यायला हवे. मूल शाळेत पहिल्यांदा आले की त्याचे नाव जनरल रजिस्टरात चढते. गुरुजींनी त्या दिवशी जे लिहिले, ते जन्मभराचे. पुढे दाखला, आधार, जातीचा दाखला, सातबारा, सगळे त्या एका ओळीवर उभे राहते. आणि गुरुजी माणूसच. समोरचा बाप जसे बोलला तसे कित्येकदा त्यांनी लिहिले. गोरक्षचा गोरख झाला, भीमाचा भिमा झाला, शुभांगीची सुभांगी झाली, श्रीमंतचा सिरीमंत झाला. व्याकरणाने ती चूक असेल. पण रजिस्टरात आणि माणसाच्या सगळ्या कागदांत तीच एकसारखी असते, म्हणून तेच त्याचे बरोबर नाव.

प्रज्ञाने साठ वर्षांची रजिस्टरे सहा वर्षे खपून संगणकावर चढवली होती. चढवताना प्रत्येक वाकडे नाव तिने वहीत वेगळे टिपले: शाळा, रजिस्टर क्रमांक, नाव, आणि शेवटच्या रकान्यात तांबड्या शाईने ‘जसे आहे तसे’. म्हणजे पुढे कुणाचा हात शिवशिवला, तरी त्याने ते सुधारू नये. नंतर जुन्या इमारतीतल्या रजिस्टरांना वाळवी लागली. सगळ्यांचा भुगा झाला. मग संगणकातली यादी आणि ही वही, एवढेच उरले.

वहीत तिसगावकडच्या शाळेच्या पानावर एक ओळ होती: ‘प्रद्न्या रंभाजी भिंगारदिवे. जसे आहे तसे.’ बापाने हौसेने नाव ठेवले होते. गुरुजींना ते जोडाक्षर झेपले नव्हते.

*

कार्यालयाच्या समोर, रस्त्यापलीकडे, पत्र्याचा एक गाळा रिकामा होता. दोन महिन्यांत तिथे पाटी लागली: ‘प्रद्न्या झेरॉक्स व ऑनलाइन अर्ज’. रंगाऱ्याने तीनदा विचारले होते, “मॅडम, ज्ञ काढू ना?” तिने तीनदा सांगितले, “परवान्यावर आहे तसंच काढा.”

राजस गाडीतून उतरताना पाटी वाचत असे. एकदा कुणाला तरी तो म्हणाला, “बघा, आपल्या आयटी मॅडमना स्वतःचं नावसुद्धा लिहिता येत नाही.” रामहरीने ते शब्द दुपारच्या चहाबरोबर आणून पोचवले.

“तुमाला राग न्हाई आला?”

“येतोय,” प्रज्ञा म्हणाली. “साठवून ठेवते.”

गाळा घ्यायला शहरात पुष्कळ जागा होत्या. तिने हीच घेतली, कारण इथून फाटक दिसत असे. कोण आत जातो आणि कसे तोंड करून बाहेर येतो, हे तिला बघायचे होते. वाट बघायला ती तयार होती.

फार वाट पाहावी लागली नाही. शाळांचे क्लार्क सवयीने तिलाच फोन करत. एक म्हणाला, “मॅडम, पुण्याला तकरार केली तर तिकीट काढा म्हनले. तिकीट काढलं. चार दिस झाले, गाडी काय आली न्हाई.” तिने त्याला शांतपणे सांगितले की तिकीट म्हणजे तक्रारीचा क्रमांक, आणि पुढची वाट कशी पाहायची तेही सांगितले. मग फोन ठेवून एकटीच हसली.

जूनमध्ये दाखल्यांची गर्दी सुरू झाली आणि पहिला माणूस रस्ता ओलांडून आला. मग दुसरा. मग रोज चार-पाच. दुसऱ्या प्रतीचा दाखला मागितला होता, मिळाला होता, पण त्यावरचे नाव त्यांचे नव्हते. गोरखचा पुन्हा गोरक्ष झाला होता. सिरीमंतचा श्रीमंत. भागिरथीची भागीरथी. कंपनीने सगळी यादी आपल्या यंत्रावर नेताना शुद्धलेखनाच्या चाळणीतून काढली होती. त्यांच्या मते त्यांनी काम चोख केले होते. जुनी यादी ज्या संगणकात होती, तो राजसने भंगारात दिला होता. कंपनीकडे बॅकअप होता, पण तो शुद्ध केलेल्या यादीचा.

“आमची नावं शुद्ध करून घ्यायला यांना सांगितलं कुणी?” हे वाक्य प्रज्ञा त्या दिवसांत दहादा तरी बोलली असेल. बोलताना आवाज चढत नसे.

वही तिच्या खणात होती, कुलपात. ती रस्ता ओलांडून जाऊ शकली असती. तिने तसे केले नाही. एकदा वही उघडली असती तर त्यांनी ती ठेवून घेतली असती, वर ‘थँक यू मॅडम’ म्हटले असते आणि सगळे मिटले असते. तिला ते मिटवायचे नव्हते.

म्हणून येईल त्याला ती अर्ज लिहून देई. सुरेख, मुद्देसूद अर्ज. ‘माझ्या नावात माझ्या संमतीविना बदल करण्यात आला आहे.’ एक प्रत संस्थेला, एक शिक्षण खात्याला. “पोच घ्या. शिक्का असल्याशिवाय फाटक सोडू नका,” असे ती शिकवी. एखाद्या म्हाताऱ्याला समजले नाही तर दुसऱ्यांदा शिकवी, तिसऱ्यांदा शिकवी, बोटाने शिक्क्याची जागा दाखवी. प्रत्येक अर्जाच्या वर कोपऱ्यात ती क्रमांक घाली आणि पोचेची एक झेरॉक्स स्वतःकडे ठेवी.

त्रेसष्टावा अर्ज गोरख गर्जेचा. सोमवार होता. तिसगावजवळच्या वस्तीवरून बापलेक पहिल्या एसटीने आले होते. मुलगी सुभांगी, नर्सिंगला नंबर लागलेली. जात पडताळणीला बापाचा दाखला हवा होता. तो घेतला तर त्यावर ‘गोरक्ष भीमा गर्जे’.

“समितीचे साहेब म्हनले, ह्यो गोरक्ष कोन? पोरीचा बाप तर गोरख हाय,” गोरख म्हणाला. “मी म्हनलं, साहेब, मीच दोनी हाय. ते हसले. पर कागद न्हाई घेतला.”

“मुदत कधी आहे?”

“शुक्करवार,” सुभांगीने सांगितले. तिने सगळे कागद एका प्लॅस्टिकच्या पिशवीत क्रमाने लावले होते. प्रत्येकाला वरून टाचणी होती.

प्रज्ञाने खणाच्या कुलपाकडे पाहिले. तिसगावकडची शाळा, गोरख भिमा गर्जे, जसे आहे तसे. पान तिला पाठ होते. ती ओळ दाखवली असती तर मुख्याध्यापकांच्या सहीने दोन दिवसांत दाखला मिळाला असता. तिने एक श्वास घेतला आणि कळफलक पुढे ओढला.

“अर्ज करू. कडक करू,” ती म्हणाली.

अर्ज खरोखर कडक झाला. असा अर्ज लिहिल्याचा तिला आनंदही झाला.

*

एकशे त्रेचाळीस अर्ज झाले तेव्हा शिक्षण खात्याची नोटीस आली. पंधरा दिवसांत मूळ नोंदी पूर्ववत करा, नाहीतर कार्यकारिणीने सुनावणीला हजर राहा. ही बातमी रामहरीने चहाच्या आधीच आणली. “मोठे साहेब पोरावर लई तापले. खोलीचं दार लावलेलं हुतं, तरी मला फाटकावर ऐकू आलं.”

दुसऱ्या दिवशी दुपारी राजसने रस्ता ओलांडला. गाळ्यात दोन गिऱ्हाइके होती. प्रज्ञाने त्याला प्लॅस्टिकचे स्टूल दाखवले आणि आधी त्या दोघांच्या झेरॉक्स काढल्या. पाठपोट, सावकाश.

“मॅडम, एक वही होती तुमच्याकडे,” तो म्हणाला.

“हो.”

“ती संस्थेची प्रॉपर्टी आहे, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या. ऑफिसच्या वेळात लिहिलेली. मला वाद नाही घालायचा, पण…”

प्रज्ञाने कुलूप काढले, वही बाहेर काढली आणि मुखपृष्ठ त्याच्याकडे वळवले. गेटपास तिने मधोमध खळीने चिकटवला होता. रद्दी वही, नग १. सही, तारीख, शिक्का.

राजसने तो वाचला. एवढे चार शब्द वाचायला त्याला बराच वेळ लागला.

“सॉरी,” तो म्हणाला. “कंपनी तुम्हाला घ्यायला तयार आहे. त्यांच्या पगारावर, इथंच, तुमच्या जुन्या टेबलावर.”

“मला टेबल आहे.”

“मग काय हवंय तुम्हाला?”

हा प्रश्न तिने इतके महिने रोज ऐकला होता, मनातल्या मनात. उत्तरही तयार होते.

“वही मिळणार नाही. फोटो काढायचा नाही. इथं बसायचं आणि हातानं उतरवून न्यायचं. मी वाचीन, तुम्ही लिहायचं.”

“ठीक आहे, मी उद्या एका मुलीला पाठवतो.”

“तुम्ही.”

“मॅडम, हजारावर नावं असतील.”

“अठराशे बारा. टायपिंगचंच काम आहे. फार काही नाही.”

तो दुसऱ्या दिवशी आला. दोनशे पानी वही आणि दोन पेने घेऊन. रोज दुपारी दोन ते पाच तो स्टुलावर बसे, गुडघ्यावर वही घेऊन. येणारे-जाणारे पाहत. शाळांचे क्लार्क कामासाठी कार्यालयात येत, ते मुद्दाम झेरॉक्स काढायला इकडे डोकावत. रामहरी फाटकातून हात वर करून नमस्कार करी, तो नेमका कुणाला, हे कळत नसे.

“सिरीमंत,” प्रज्ञा वाची. “स ला पहिली वेलांटी. र ला दुसरी.”

“दोन्ही पहिल्या नाहीत?”

“गुरुजींना विचारा. वारले ते. जसं आहे तसं.”

पहिल्या दिवशी तो अकरा वेळा चुकला. हात आपोआप शुद्ध लिहायचा. ती प्रत्येक वेळी सगळी ओळ खोडायला लावी आणि खाली नव्याने लिहायला लावी. ती ओरडत नसे. आवाज इतका समजुतीचा असे की बाहेर उभ्या माणसाला वाटावे, इथे एखाद्या लेकराची शिकवणी चालू आहे. तिसऱ्या दिवशी त्याचे मधले बोट सुजले. चौथ्या दिवशी त्याने बोटाला चिकटपट्टी लावून आणली. प्रज्ञाने ती पाहिली आणि वाचण्याचा वेग कमी केला नाही.

पाचव्या दिवशी तिसगावकडचे पान आले.

“प्रद्न्या रंभाजी भिंगारदिवे.”

राजसने ‘प्र’ लिहून ‘ज्ञा’ काढले आणि तो थांबला. वर पाटीकडे पाहिले. मग स्वतःच ओळ खोडली. “द ला न जोडून, मग या?”

“हो.”

“मला वाटलं होतं…”

“माहीत आहे तुम्हाला काय वाटलं होतं. पुढचं लिहा. गोरख भिमा गर्जे. भि पहिली.”

तो लिहीत असतानाच बाहेर सावली पडली. गोरख गर्जे उभा होता, हातात फडक्यात बांधलेले गाठोडे.

“ताई, हाय का? म्हनलं जाता जाता भेटावं. बाजरी हाय घरची. नवी.”

“अहो, हे कशाला?” प्रज्ञा उठली. “दाखला मिळाला?”

“मिळाला की. परवाच मिळाला. नोटीस आली तवा शाळेनं माझं आधार बगून नवा काढला न् घरी आनून दिला, बगा. तुमचा अर्ज लई बेस झाला हुता.” त्याने खिशातून घडी काढून दाखवली. ‘गोरख भिमा गर्जे.’ वर नवा शिक्का.

“आणि सुभांगी?”

“ती जागा गेली शुक्करवारीच. दुसऱ्या कुनाला दिली.” तो हे पावसापाण्याबद्दल सांगावे तसे सांगत होता. “आता कांद्याच्या वखारीवर जाती निवडायला. पुढल्या साली बगू म्हनती. पर एक सांगतो ताई, त्या हापिसात आमाला कुनी उभं केलं न्हाई. तुमी तेवढं बसवून घेतलं, लिवून दिलं. पोरगी म्हनली, त्या बाईंला बाजरी देऊन ये.”

त्याने गाठोडे टेबलावर ठेवले, स्टुलावरच्या माणसालाही नमस्कार केला आणि एसटी गाठायची म्हणून निघून गेला.

राजस आपल्याच वहीतल्या शेवटच्या ओळीकडे पाहत होता. शाई अजून ओली होती. तो म्हणाला, “हा अर्ज मला आठवतो. सोमवारी आला होता. त्रेसष्ट नंबर घातला होता तुम्ही वर.”

“हो.”

“सोमवारी ही वही तुमच्याकडेच होती.”

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर तिला उत्तर देता आले असते.

“होती,” प्रज्ञा म्हणाली.

मग तिने बोट पुढच्या ओळीवर ठेवले आणि वाचायला सुरुवात केली. आता ती सावकाश वाचत होती. तो चुकला तर एकच अक्षर खोडू देत होती.

काम सातव्या दिवशी संपले. राजसने वही मिटली, उठताना कंबर सरळ केली. “येतो मॅडम,” म्हणाला आणि रस्ता ओलांडून गेला. फाटकात रामहरीने त्याला अडवले. आत नेताना कागदाची नोंद करावी लागते, हाही नियम राजसच्याच सहीचा होता. राजस उभा राहिला, रामहरीने सावकाश नोंद केली.

प्रज्ञाला हे दृश्य इतके महिने हवे होते. तिने ते पाहिले. मग ती आत वळली.

थोड्या वेळाने रामहरी चहा घेऊन आला. टेबलाखाली बाजरीचे गाठोडे तसेच होते, गाठसुद्धा सोडली नव्हती.

“आता या वहीचं काय करायचं, ताई? काम तर झालं तिचं.”

“थोडं राहिलंय.”

तिने शेवटचे कोरे पान उघडले. पट्टीने चार रकाने आखले. शाळा. क्रमांक. नाव. नावाच्या रकान्यात तिने बारीक, स्वच्छ अक्षरात लिहिले: ‘सुभांगी गोरख गर्जे. सोमवारी आली होती. वही खणात होती, किल्ली माझ्याकडे होती.’ मग पेन बदलले आणि शेवटच्या रकान्यात तांबड्या शाईने लिहिले, ‘जसे आहे तसे’.

रामहरीने मान लांब करून पाहिले. त्याला वाचता येत होते. त्याने चहाचा कप तिच्याकडे सरकवला. चहा निवत होता. प्रज्ञाने शाई वाळू दिली आणि वही मिटली.